१४९३ ची सतरा जहाजं: पिकं, जनावरं आणि रोगराई

खारवा (धागाकर्ता)

कोलंबसाचा विषय निघाला की गाडी १४९२ वर अडते. त्या पहिल्या सफरीत तीन लहान जहाजं गेली. त्यातलं एक नाताळच्या सुमारास हिस्पॅनिओला बेटाजवळ (आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक) उथळ पाण्यात रुतलं आणि फुटलं, उरलेली दोन परतली. बातमी मोठी होती, पण तिकडच्या जमिनीवर फरक पडायला लागला तो पुढच्या वर्षी.

२५ सप्टेंबर १४९३ ला कादिझ बंदरातून सतरा जहाजं सुटली. माणसं बाराशेच्या वर. हे लोक बघायला नव्हे, राहायला निघाले होते, त्यामुळे आपला गावगाडाच जहाजात चढवला म्हणा ना: घोडे, गाई, मेंढ्या, शेळ्या, कोंबड्या, गव्हाचं बियाणं, द्राक्षाच्या काड्या, उसाचं बेणं. वाटेत कॅनरी बेटांपैकी गोमेराला थांबून संत्र्या-लिंबांच्या बिया आणि डुकरं घेतली. लास कासास या धर्मगुरूने डुकरांचा आकडा आठ दिला आहे. फक्त आठ! पुढे वाचताना हा आकडा लक्षात ठेवा.

जानेवारी १४९४ मध्ये उत्तर किनाऱ्यावर ला इसाबेला नावाची वसाहत उभी राहिली आणि लगेच अर्धीअधिक माणसं अंथरुणाला खिळली. खुद्द कोलंबसही आजारी पडला. डुकरांबरोबर आलेला फ्लू असावा असा एक तर्क आहे. दुसरीकडे तिथल्या दफनभूमीतल्या सांगाड्यांवर स्कर्व्हीच्या (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाच्या) खुणा सापडल्या, ते संशोधन २०१४ चं. भोवती फळं आणि कंद असताना ही मंडळी स्पेनहून आणलेल्या शिध्यावर दिवस काढत राहिली. गहू त्या दमट हवेत नीट पोसलाच नाही. ऊस मात्र फोफावला. आणि डुकरं तर विचारू नका.

त्या बेटांवर डुकराला खाणारं मोठं जनावर नव्हतं. ताईनो म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांची शेती म्हणजे मातीचे गोल उंचवटे करून त्यात कसावा आणि रताळी लावायची, त्याला ते कोनुको म्हणत. पीक जमिनीखाली असल्यामुळे वादळवाऱ्यात टिकायचं आणि लागेल तसं उकरून काढता यायचं. कुंपणाची गरजच कधी पडली नव्हती, कारण शेतात घुसेल असं पाळीव जनावर त्यांच्याकडे नव्हतं. कंद उकरून खाणारं जनावर अशा शेतांत मोकळं सुटल्यावर काय होणार? काही वर्षांत डोंगराळ भाग रानडुकरांनी आणि रानगुरांनी भरला.

त्यातच १४९५ पासून खंडणी सुरू झाली. सोन्याच्या भागातल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायात बांधायच्या घुंगराएवढं सोनं द्यायचं. सोनं नसेल तिथे कापूस. नंतर एन्कोमिएंडा आली, म्हणजे माणसांची गावंच्या गावं स्पॅनिश मालकांना वाटून देणं. पेरणीच्या वेळी पुरुष खाणीत, मागे शेतात डुकरं.

आता मूळ मुद्दा. १५०८ च्या मोजणीत बेटावर साधारण ६०,००० ताईनो उरले होते. १५१४ च्या वाटपाच्या वेळी २६,००० च्या आसपास. आणि देवीच्या रोगाची पहिली ठळक नोंद केव्हाची? डिसेंबर १५१८. म्हणजे देवी येण्याआधीच बेट ओस पडत आलं होतं.

‘जंतूंनी मारलं, त्यांना कुठे माहीत होतं बिचाऱ्यांना’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की ते मला आता सरकारी खुलाशासारखं वाटतं. पिकं, जनावरं, रोग आणि वेठबिगार हे सगळं एकाच जहाजातून उतरलं, त्यातला एकटा जंतूच वेगळा काढून त्याच्यावर सगळं ढकलता येणार नाही. अल्फ्रेड क्रॉस्बी या इतिहासकाराने १९७२ मध्ये या उलाढालीला कोलंबियन एक्स्चेंज हे नाव दिलं. नाव रूढ झालं, पण एक्स्चेंज म्हटलं की दोघांच्या संमतीने झालेला सौदा वाटतो, तेवढं मला खटकतं.

ज्यांना या विषयातलं ठाऊक आहे त्यांनी भर घाला. गोव्याकडची बाजू कोणीतरी लिहाच.

टवाळ

पहिला! चहा घेऊन बसलोय, चालू द्या.

नाडीपरीक्षा

खारवा, मांडणी आवडली, पण डॉक्टर म्हणून थोडी जंतूंची वकिली करतो.

देवी यायला पंचवीस वर्षं का लागली, याचं उत्तर जहाजातच आहे. देवीची लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण बारा दिवस जातात, पुढे खपल्या पडेपर्यंत तीनेक आठवडे माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. स्पेनहून कॅरिबियनला पोचायला पाच-सहा आठवडे लागत. जहाजावर बहुतेक सगळे प्रौढ युरोपीय, त्यांना लहानपणीच देवी येऊन गेलेल्या. एखादा आजारी चढलाच, तर तो एकतर मरायचा नाहीतर किनारा दिसेपर्यंत बरा व्हायचा. रोग जिवंत पलीकडे न्यायला एकामागून एक लागण होईल अशी माणसं जहाजावर हवीत. वाहतूक वाढली, मुलंबाळं यायला लागली, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांची जहाजं सुरू झाली, तेव्हा ती साखळी जुळली.

एकदा जुळल्यावर मात्र तुमच्या घुंगरातल्या सोन्याची गरज उरली नाही. १५२० मध्ये नार्वाएझ या स्पॅनिश सरदाराच्या तुकडीबरोबर देवी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरली. तिथल्या अझ्टेकांनी कोर्तेस या स्पॅनिश सेनापतीला राजधानीतून नुकतंच पिटाळलं होतं, म्हणजे लढाई ते जिंकत होते. नवा राजा कुइत्लाउआक गादीवर बसून ऐंशी दिवसांत देवीने गेला. १३ ऑगस्ट १५२१ ला ती राजधानी, तेनोच्तित्लान, पडली. स्थानिक लोकांकडून ऐकून सहागुन या पाद्र्याने जे लिहून ठेवलं आहे त्यातली एक गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या फार महत्त्वाची: पुष्कळ माणसं फोडांनी मेली नाहीत, भुकेने मेली. घरातले सगळे एकाच वेळी आडवे, पाणी द्यायला कोणी उठू शकत नव्हतं. आपल्याकडे देवीची साथ आली तरी घरातल्या मोठ्यांना आधी येऊन गेलेली असायची, ते उरलेल्यांची शुश्रूषा करत. तिथे कोणालाच येऊन गेली नव्हती.

पेरूतही तेच. इंका राजा उआयना कापाक १५२७ च्या सुमारास साथीत गेला, बहुधा देवीच. त्याच्या दोन मुलांत गादीवरून यादवी पेटली, आणि १५३२ मध्ये पिझारो हा स्पॅनिश सरदार पेरूतल्या काहामार्काला पोचला तेव्हा साम्राज्य आतूनच चिरफाळलेलं होतं. रोग माणसाच्या आधी पोचला होता.

उलट दिशेने एवढे रोग का आले नाहीत, हे नवे वाचक विचारतीलच. देवी, गोवर, फ्लू हे गर्दीचे रोग. त्यांना मोठी वस्ती लागते, आणि यांतल्या बऱ्याच रोगांची मुळं गुराढोरांशी किंवा पाखरांशी जोडलेली आहेत. अमेरिकेत शहरं होती, पण पाळीव जनावरं म्हणाल तर लामा, अल्पाका, गिनीपिग, टर्की, एक जातीचं बदक आणि कुत्रा. संपली यादी. गोठ्यात झोपणारा शेतकरी तिथे नव्हताच.

खारवा

डॉक्टर, जहाजातल्या दिवसांचा हिशोब झकास. मेक्सिकोबद्दल वाद नाही. पण १५४५ ची कोकोलिझ्तलीची साथ बघा. मेक्सिकोत देवीपेक्षाही जास्त माणसं तिने नेली असं मानतात. मिश्तेक भागातल्या त्या काळच्या थडग्यांतल्या दातांमधून २०१८ मध्ये जनुकीय पुरावा मिळाला, तो साल्मोनेलाचा, विषमज्वराच्या भाऊबंदांपैकी. हा घाण पाण्यातून आणि अन्नातून पसरणारा रोग. विखुरलेल्या गावांना उठवून नव्या वसाहतींत दाटीने कोंबल्यावर असला रोग पसरला, तर त्यात कोंबणाऱ्याचा वाटा धरायचा की नाही?

नाडीपरीक्षा

धरायचा. हा मुद्दा मान्य. साथरोगाच्या वर्गात आम्हाला हेच शिकवतात, फक्त कोणत्याही राजाचं नाव न घेता.

माजघर

मी स्वयंपाकघरातून लिहिते. उपवासाच्या ताटातली साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, मिरची ही सगळी परदेशी पाहुणे मंडळी आहेत हा विनोद दर आषाढीला व्हॉट्सॲपवर येतो आणि माझे मिस्टर दर वर्षी तो नवा असल्यासारखा वाचून दाखवतात. त्यामुळे तो इथे कोणी लिहू नये अशी नम्र विनंती. पण मला खरंच विचारायचंय, त्यात राजगिरा येतो का? तो तर आपलाच असणार ना?

खारवा

माजघरताई, राजगिऱ्याची गोष्ट सगळ्यात भारी आहे. आपण दाण्यासाठी जो राजगिरा लावतो त्याच्या जाती मेक्सिको आणि आसपासच्या भागात माणसाळवलेल्या आहेत. (भाजीचा माठ वेगळा, त्याच्या जाती इकडेही पूर्वीपासून.)

अझ्टेकांकडे राजगिऱ्याला मक्याच्या बरोबरीचा मान होता. लाह्यांचं पीठ आणि मॅग्वे नावाच्या घायपाताच्या जातीच्या झाडाचा पाक एकत्र मळून ते देवाची मूर्ती घडवत, पूजा करत आणि मग तिचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांनी हे पाहिलं आणि हादरले, कारण त्यांच्या चर्चमध्येही ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकरीचा तुकडा खातात. सैतानाने आपल्या विधीची नक्कल केली असं त्यांना वाटलं. धार्मिक वापर दडपला, आणि लागवडही मागे पडत गेली. मेक्सिकोत आजही लाह्या आणि पाक मिळून वड्या करतात, त्यांना आलेग्रीया म्हणतात. तुमच्या चिक्कीशेजारी ठेवली तर कुठली कोणती ओळखू येणार नाही.

म्हणजे जे धान्य तिकडे देवाचं म्हणून बंद पाडलं, ते इकडे देवाच्या उपवासाला चालतं.

माजघर

अगंबाई! हे मिस्टरांना सांगते. पुढच्या आषाढीची सोय झाली.

जुनाजाणता

सगळं कोलंबसापासून सुरू झालं हा पाश्चात्त्यांचा लाडका सिद्धांत. भरहूतच्या बौद्ध स्तूपावरच्या शिल्पांत सीताफळ आहे, हे कनिंगहॅमसारख्या इंग्रजाने लिहून ठेवलंय. ती शिल्पं इसवी सनापूर्वीची. कर्नाटकात सोमनाथपूरच्या होयसळ मंदिरात मूर्तीच्या हातात मक्याचं कणीस स्पष्ट दिसतं, ते तेराव्या शतकातलं. ज्यांची जहाजं रोमपर्यंत जात होती त्यांना अमेरिका अवघड होती का? इंग्रजी पुस्तकं बाजूला ठेवून जरा डोळ्यांनी बघा.

खापरखुणा

जुनाजाणता काका, डोळ्यांनी बघूनच वाद सुरू झालाय. उत्खननात हात मळवणारा माणूस म्हणून लिहितो.

सोमनाथपूरचा दावा १९८९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी केला. दाण्यांच्या ओळी, टोक, पानाचं आवरण असे बरेच तपशील त्यांनी मोजले. भारतीय मका-तज्ज्ञांनी १९९३ मध्ये त्याला उत्तर दिलं, की हे मुक्ताफळ आहे, मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ, आणि शिल्पशास्त्रात त्याला जागा आहे. समजा शिल्पाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. मग मी जमीन विचारतो. मका हे चिवट पीक आहे, कणसाचा गाभा जळून कोळसा झाला तरी शेकडो वर्षं टिकतो. दख्खनमधल्या उत्खननांत ज्वारी, बाजरी, कुळीथ, मूग यांचे जळके दाणे निघतात. त्या मंदिराच्या काळातला मक्याचा गाभा मात्र कुठे मिळालेला नाही. देवाच्या हातात असलेलं धान्य माणसाच्या चुलीत एकदाही पडलं नसेल का?

सीताफळाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे हे कबूल. उत्तर प्रदेशात टोकवा इथे सीताफळाचं जळकं बी मिळाल्याचा आणि ते कोलंबसाच्या कितीतरी आधीचं असल्याचा दावा २००९ मध्ये छापून आला. एका बियेवर महासागर ओलांडायचा का, यावर आमच्यात मतभेद आहेत. मी ‘अजून नाही’ म्हणणाऱ्यांतला.

आणि कोलंबसाच्या आधी समुद्र कोणी ओलांडलाच नाही असंही नाही. रताळं बघा. मूळ अमेरिकेचं, पण पॉलिनेशियात, कुक बेटांवर, युरोपीय लोकांच्या कितीतरी आधीच्या थरांत त्याचे जळके अवशेष मिळाले. २०२० मध्ये पॉलिनेशियन आणि अमेरिकेतले मूळनिवासी यांचा बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास संबंध आल्याचं जनुकांतून दाखवलं गेलं. म्हणजे पुरावा असेल तर आमचं म्हणणं बदलतं. तो पॉलिनेशियन नावाड्यांच्या बाजूने निघाला, त्याला इलाज नाही.

खारवा, तुम्हालाही एक टोला. हिस्पॅनिओलाची मूळ लोकसंख्या किती, यावर एक लाखाहून कमीपासून ऐंशी लाखांपर्यंत अंदाज आहेत. २०२० च्याच एका प्राचीन डीएनए अभ्यासानुसार ती काही दहा हजारांच्या घरात असावी. तुम्ही फक्त १५०८ ते १५१४ ची घसरण सांगितलीत ते बरं केलंत. लोक थेट ‘ऐंशी लाख मारले’ लिहितात आणि मग वाद आकड्यावरच अडकतो.

जुनाजाणता

मुक्ताफळाचं बघतो वाचून. सीताफळ मात्र मी सोडत नाही.

मांडवीतीर

गोव्याची बाजू मागितली होती, ही घ्या. लांबलंय, सांभाळून घ्या.

पोर्तुगीजांचा अमेरिकेशी संबंध भारताच्या वाटेवरच आला. काब्राल १५०० मध्ये कालिकतला निघाला होता. आफ्रिकेला वळसा घालायला अनुकूल वारा मिळावा म्हणून अटलांटिकमध्ये पश्चिमेला लांब गेला आणि २२ एप्रिलला ब्राझीलचा किनारा दिसला. तिथून पुढे तो त्याच वर्षी कालिकतला पोचला. म्हणजे ब्राझील आणि मलबार एकाच ताफ्याने एकाच वर्षी पाहिले. १५१० ला गोवा घेतलं, आणि पुढे लिस्बन, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, गोवा, मलाक्का, मकाव अशी बंदरांची माळच लागली. बी-बियाणं या माळेतून फिरलं. कोणी राजाज्ञा काढून मिरची आणली नाही. खलाशाच्या पेटीत, पाद्र्यांच्या बागेत, अशीच ती झाडं आली, म्हणून नेमकी तारीख सांगणारे लोक मला संशयास्पद वाटतात.

ज्यांच्या नोंदी आहेत ते सांगतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायला जायचा. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. काजूचं पहिलं भारतीय वर्णन त्यानंतर, १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाव द कोश्ताच्या ग्रंथात, कोचीनच्या बागांमधलं. आज ज्या झाडाशिवाय गोव्याची टेकडी ओळखू येत नाही, ते तेव्हा बागेतलं नवलाचं झाड होतं. पपई दुसऱ्या दाराने आली. १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला डच लिन्सखोतेन लिहितो, की ती स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्स, तिथून मलाक्का, आणि मग इकडे आली. म्हणजे पॅसिफिकवरून.

अननस तर मोगलांच्या डोक्यावर बसला. जहांगीर लिहितो, की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येतं आणि आता आग्र्याच्या गुलअफशान बागेत दर वर्षी हजारोंनी लागतं. त्याच जहांगीरसाठी १६१२ मध्ये मुकर्रबखान गोव्यातून दुर्मीळ वस्तू खरेदी करून घेऊन गेला, त्यांत एक टर्की कोंबडा होता. बादशहा इतका चकित झाला, की मन्सूर या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मेक्सिकोचा पक्षी, गोव्याचा बाजार, आग्र्याचा कुंचला.

आणि तंबाखू! ती अकबराकडे विजापूरहून गेली. असद बेग नावाचा सरदार आदिलशाहीच्या दरबारी लग्नाच्या वाटाघाटीला गेला होता, तिथे त्याला ती मिळाली. परत येताना रत्नजडित नळीसकट घेऊन आला. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमांनी हात जोडले की आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, नको. असद बेगने तिथेच हकिमांशी वाद घातला. बादशहाने स्वतः पुन्हा फारशी ओढली नाही, पण दरबाऱ्यांना चटक लागली ती लागलीच. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली. परिणाम आपण पानाच्या टपरीवर बघतोच.

टवाळ

म्हणजे गायछापचा खापरपणजोबा विजापूरचा. नोंद घेतली आहे.

मिनेसोटावाली

नागपूरची, सध्या मिनेसोटात. एक न दिसणारा प्राणी सांगते, गांडूळ.

हिमयुगात इथे बर्फाचे थर होते. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली तरी या उत्तरेकडच्या जंगलांत गांडुळं परतली नव्हती. पानं पडायची, सावकाश कुजायची, जमिनीवर जाड गादी तयार व्हायची आणि त्यातच इथली रानफुलं, रोपं वाढायची. युरोपीय जहाजं तोल राहावा म्हणून तळाशी दगडमाती भरून यायची, ती इकडे उतरवून तंबाखूची पिंपं भरायची. त्या मातीतून आणि रोपांच्या मुळांतून गांडुळं आली. नंतर मासेमारीच्या आमिषातून ती तळ्यातळ्यापर्यंत पोचली आणि आता पानांची गादी फस्त करतायत. शेतकऱ्याचा मित्र म्हणून शाळेत शिकलेलं गांडूळ इथल्या वनखात्याच्या पाटीवर गुन्हेगार म्हणून बघणं हा अजब अनुभव आहे.

मधमाशीही तशीच. मध गोळा करणारी ती युरोपीय माशी १६२२ मध्ये व्हर्जिनियाला पाठवल्याची नोंद आहे.

आणि खारवांच्या आठ डुकरांना जोड: दे सोतो हा स्पॅनिश सरदार १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा तेरा डुकरिणी बरोबर होत्या असं सांगतात. तीन वर्षांनी तो वाटेतच मेला, तेव्हा कळप सातशेचा झाला होता.

कोरडवाहू

सगळे अमेरिका आणि युरोप करतायत, आफ्रिका कुठे गेली? खरं तर सर्वांत जास्त माणसं तिकडून उचलली. अटलांटिक गुलाम व्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली, त्यांतली १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरली. आणि त्याचं कारण खारवांच्या यादीत एका शब्दात आलंय: ऊस. हिस्पॅनिओलावर सोनं संपत आलं, १५१५ च्या आसपास घाणे सुरू झाले, मजूर मरून गेले होते, १५१८ मध्ये स्पेनच्या राजाने आफ्रिकेतून थेट माणसं आणायचा परवाना दिला. आम्ही ऊस लावतो, तोडणीच्या हंगामात काय काम असतं ते माहीत आहे. तोडला की तासांच्या हिशोबात गाळावा लागतो, नाहीतर उतारा घसरतो. म्हणून तिथे रात्रंदिवस घाणा आणि रात्रंदिवस माणूस.

पिकांचं म्हणाल तर कसावा. यात विष असतं, सायनाइड तयार होतं. ताईनो लोक कडू कसावा किसून लांबट विणलेल्या पिशवीत भरत, पिशवी ताणून रस पिळून काढत आणि मग भाकरी भाजत. हे ज्ञान नसताना नुसता कंद नेला तर माणूस मरेल. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून तो काँगो-अंगोलाच्या किनाऱ्यावर नेला, पिठासकट आणि पद्धतीसकट. पीठ टिकाऊ, म्हणून गुलामांच्या जहाजांवर शिधा तोच. ज्या पिकाने आफ्रिकेत दुष्काळात माणसं जगवली त्याच पिकावर माणसं वाहून नेणारी जहाजं चालली. माजघरताई, तुमचा साबुदाणाही याच कंदाचा, तमिळनाडूत सेलमला तयार होतो.

आफ्रिकेतून तिकडे पिकंही गेली: आफ्रिकन भात, भेंडी, चवळी. ती लावण्याचं आणि रांधण्याचं ज्ञान पकडून नेलेल्या माणसांबरोबर गेलं. जमीनदार फायदा मोजत होते, बियाणं राखणाऱ्यांची नावं कोणी लिहिली नाहीत.

आणि डास. पीतज्वराचा (यलो फीवरचा) डास साठवलेल्या पाण्यात वाढतो. जहाजावरची पाण्याची पिंपं त्याला आयतीच. बार्बाडोसला १६४७ मध्ये पहिली मोठी साथ आली, साखरेची भरभराट सुरू झाली त्याच सुमारास. साखर निथळायला मातीची हजारो भांडी लागत. हंगाम सरला की ती उघड्यावर, पावसाचं पाणी भरून. डासांची नर्सरीच. पुढे या डासाने राजकारणही केलं. नेपोलियनने हैतीतलं गुलामांचं बंड चिरडायला मेहुण्याला फौज देऊन पाठवलं, तर १८०२ मध्ये तो लक्लेर्क आणि त्याची बहुतेक फौज पीतज्वराने संपली. १८०४ ला हैती स्वतंत्र.

म्हणजे खारवांच्या त्याच बेटावर आलो. तिथल्या मूळ लोकांना परक्या रोगांनी नेलं, आणि तीनशे वर्षांनी मालकांना.

खारवा

कोरडवाहू, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका हो.

नाडीपरीक्षा

आफ्रिकेची बाजू मस्त मांडलीत. दोन वैद्यकीय पुरवण्या देऊन माझं संपवतो.

अमेरिकेतून उलट आलेला एक मोठा संशयित म्हणजे गरमी, उपदंश. १४९५ मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने नेपल्स घेतलं, त्या फौजेत हा रोग भडकला आणि सैनिक पांगले तसा युरोपभर पसरला. तारीख कोलंबसाला इतकी चिकटून, की शंका येणारच. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या प्राचीन हाडांतून मिळालेल्या जनुकांनी या जंतूच्या कुळाची मुळं तिकडचीच असल्याचं बरंचसं दाखवलं. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात हा रोग फिरंग नावाने येतो, आणि उपाय म्हणून चोपचिनी. ती चीनची मुळी, गोव्याच्या बाजारात समुद्रमार्गे यायची, ओर्तानेही तिच्यावर लिहिलंय. अमेरिकेचा रोग, युरोपचा प्रवासी, चीनचं औषध, आणि शास्त्र संस्कृतात! आयुर्वेदात नवीन काही शिरत नाही म्हणणाऱ्यांनी ते पान वाचावं.

दुसरी, देवीच्या लशीची. तीच जहाजं तीनशे वर्षांनी उलटं काम करायला निघाली. गाईच्या देवीची लस काचेवर सुकवून उष्ण कटिबंधातून नेली तर वाटेत मरायची. मग १८०३ मध्ये बाल्मिस या स्पॅनिश डॉक्टरने बावीस अनाथ मुलगे जहाजावर घेतले. दर नऊ-दहा दिवसांनी दोघांना टोचायचं, त्यांच्या फोडातला द्रव पुढच्या दोघांना, अशी साखळी करत अटलांटिक ओलांडला. मी वर सांगितलेली जहाजावरची लागणीची साखळी आठवते का? इथे ती मुद्दाम बांधली. मुलांना सांभाळायला इसाबेल सेन्दाल नावाची बाई होती. मेक्सिकोतून १८०५ मध्ये आणखी सव्वीस मुलं घेऊन ते मनिलाला गेले.

मुंबईला मात्र लस त्याआधीच, जमिनीवरून आणि आखातातून आली होती. बगदाद, बसरा असं हातोहात करत ती पोचली आणि १४ जून १८०२ ला तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली. भारतातली पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरच्या फोडातून पाच जणांना, आणि तिथून पुढे देशभर.

माजघर

डॉक्टर, त्या बावीस मुलांचं काय झालं? परत नेली का?

नाडीपरीक्षा

नाही. ती मेक्सिकोतच राहिली. सरकार शिकवेल, सांभाळेल असं वचन होतं. प्रत्यक्षात आधी अनाथालय, मग त्यांतली काही दत्तक गेली. सेन्दालही स्पेनला परतली नाही, मुलाला घेऊन पुएब्लात राहिली.

मांडवीतीर

पुएब्लावरून आठवलं, आकापुल्को ते मनिला हाच तो गलबतांचा मार्ग, ज्याने पपई आपल्याकडे आली. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं चालला. त्यावरून चांदी किती आली, यावर कोणीतरी वेगळा धागा काढा. इथे मिसळू नका, नाहीतर जुनाजाणता काकांचं सीताफळ मागे पडेल.

जुनाजाणता

पडू देणार नाही. उद्या फोटो टाकतो.